मोजणे आणि पाळत ठेवणे



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर वायफायच्या बिलावर काय बोलणार. प्रश्न रास्त आहे. राउटर दुरुस्त करण्याचे काम आमचे नव्हे. पण चार लोकांत एक वस्तू सामायिक असते, तिचा खर्च वाटून घ्यायचा असतो आणि कोणी किती वापरली यावरून कुरबुर सुरू होते, तेव्हा तिथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. न्यायाच्या प्रश्नावर बोलण्यात मात्र आमचा जन्म गेला. म्हणून आज धीर केला.

आज आपल्याला एका विचाराची चिकित्सा करायची आहे. हा विचार हल्ली सगळीकडे ऐकू येतो. सोसायटीत येतो, वसतिगृहात येतो, अभ्यासिकेत येतो. तो असा : 'जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावे, आणि कोण जास्त वापरतो हे कळावे म्हणून सगळ्यांच्या वापरावर नजर ठेवावी.' ऐकायला किती सरळ वाटतो, नाही का? पण नीट बघा, हे एक वाक्य नाही, दोन आहेत. मधल्या 'आणि'ने ती शिवून टाकली आहेत. पहिल्यात मोजण्याची गोष्ट आहे, दुसऱ्यात पाळत ठेवण्याची. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिला कधीकधी न्याय्य असतो. दुसरा पहिल्याच्या पाठीवर बसून आत येतो आणि एकदा आत आला की बाहेर जात नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या हातून चूक झाली आहे, ती आधी सांगतो.

महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात एक अभ्यासिका आहे. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. तीसेक मुले-मुली तिथे येतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी नर्सिंगच्या प्रवेशाची, कोणी स्पर्धा परीक्षेची. फायबरची एकच जोडणी, बिल वर्गणीतून. समितीत आम्हीही होतो. संध्याकाळी जाळे इतके मंद व्हायचे की मुले वैतागायची. एका होतकरू तरुणाने एक यंत्र बसवून दिले. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड. महिनाअखेरीला कोणी किती जीबी वापरले ते समोर येणार. मग ती यादी फळ्यावर लावावी आणि सर्वांत वरच्या तिघांकडून जादा वर्गणी घ्यावी, अशी सूचना आली. सूचना आमचीच होती. पारदर्शकता वगैरे शब्द आम्हीच वापरले होते.

पहिल्याच महिन्यात यादीत सर्वांत वर एका मुलीचे नाव आले. साठ जीबी. मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, रोज सकाळच्या एसटीने खाली येणारी. फळ्यासमोर कुजबुज सुरू झाली, 'एवढं काय बघते ही?' समितीतल्या एकाने विचारले, यंत्रात साइटींची नावेही असतील ना? होती. यादी उघडली गेली. पाच माणसांनी ती वाचली. त्या पाचांत आम्ही होतो.

निघाले काय? परीक्षेची व्याख्याने, लहान मुलांच्या गोष्टी, शेळ्यांच्या आजारांवरची माहिती, भजने. वाडीत रेंज नाही. ही पोरगी इथून सगळे उतरवून मेमरी कार्डात घेऊन जायची आणि चार-पाच घरांना वाटायची. फळ्यावर एक नाव दिसत होते, त्यामागे अख्खी आळी होती. पण त्या यादीत आणखीही काही होते, जे दुसऱ्या कोणी वाचायला नको होते. ते काय, हे आम्ही आज सांगणार नाही. सांगितले तर तीच चूक पुन्हा होईल.

तिने जादा वर्गणी भरली. जाताना म्हणाली, 'सर, पैशाचं काही नाही. पण तुम्ही सगळ्यांनी वाचलंत ना ते?' त्यानंतर ती आली नाही.

तर मंडळी, आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. 'जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावे.' हे तत्त्व विजेला लागू पडते. तुम्ही एक युनिट जास्त जाळले की कुठेतरी जास्त कोळसा जळतो, जास्त पाणी टर्बाइनवरून पडते. नळाच्या पाण्याचेही तेच. टाकीतले पाणी तुम्ही घेतले की तेवढे कमी झाले. इंटरनेटचे तसे आहे का?

साधा हिशोब करू. समजा जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की येतात सुमारे १,०८० जीबी. एवढे त्या नळातून एका दिवसात वाहू शकते. तीस मुलांनी रोज दीड-दीड जीबी वापरले तर झाले ४५ जीबी, म्हणजे शंभरातले चार. उरलेले शहाण्णव वापरलेच गेले नाहीत, आणि ते साठवूनही ठेवता येत नाहीत. गेलेला सेकंद गेला. त्या मुलीचे महिन्याचे साठ जीबी घ्या. महिन्याची क्षमता ३२,४०० जीबी. तिचा वाटा हजारातले दोनसुद्धा नाही.

मग संध्याकाळी जाळे तुंबायचे का? कारण सहा ते आठ या वेळात तीसच्या तीस जण एकदम व्हिडिओ लावायचे. प्रत्येकाला सेकंदाला चार मेगाबिट लागले तर मागणी १२० ची आणि नळ १०० चा. अडचण एकूण वापराची नव्हती, अडचण घटकेची होती. चारच्या गाडीला गर्दी होते म्हणून सकाळी सहाच्या रिकाम्या गाडीने गेलेल्या प्रवाशाला आपण दंड करत नाही. ती मुलगी सकाळी यायची, सगळे उतरवून घ्यायची आणि दुपारच्या एसटीने वर जायची. गर्दीच्या वेळी ती तिथे नसायचीच. म्हणजे ज्या त्रासासाठी आम्ही जादा वर्गणी लावली, त्या त्रासात तिचा काडीचाही वाटा नव्हता. आम्ही बरोबर मोजले, पण चुकीची गोष्ट मोजली.

मोजमापाचे हे नेहमीचे दुखणे आहे. जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असे आपण धरून चालतो. या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. तेव्हा फोनवरून जोडणी व्हायची आणि मोजला जायचा वेळ. सायबर कॅफेत तासाचा दर, अर्ध्या तासाचा दर. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल, लोक घरूनच पत्राचा मजकूर कागदावर लिहून आणायचे आणि कॅफेत भराभर टंकायचे. पुढे ब्रॉडबँड आले आणि वेळेऐवजी जीबी मोजू लागले. २०१६ नंतर मोबाइलवर 'रोज एक जीबी, दीड जीबी' असे पॅक आले आणि रात्री बाराच्या आत उरलेला डेटा संपवणारी पिढी तयार झाली. म्हणजे मोजमाप नुसते वापर नोंदवत नाही, वापर घडवतेही. फळ्यावरची यादी काय घडवेल, याचा विचार आम्ही करायला हवा होता. तिने घडवले ते असे : ज्याला झाकायचे होते त्याने येणेच सोडले.

आणखी दोन गोष्टी याच मुद्द्यात येतात. एक, यंत्र मोजते ते उपकरण, माणूस नव्हे. आपल्याकडे एका फोनवर तिघे शिकतात. एका नावाखाली पाच घरे असतात. दुसरी, यंत्र मोजते तो वापर, इच्छा नव्हे. फोन स्वतःहून अद्ययावत होतो, कुणीतरी धाडलेला लग्नाचा व्हिडिओ न मागता उतरतो, जाहिराती आपसूक चालू होतात. ते सगळे तुमच्या नावावर. न मागितलेल्या गोष्टीचे पैसे भरायचे आणि वर 'जास्त वापरणारा' म्हणून नावही खराब व्हायचे!

यावर कोणी म्हणेल, मग काय, मोजूच नये? फुकट्यांचे काय? बिल तर दर महिन्याला येते. मान्य आहे. सामायिक वस्तूवर कोणाचेच लक्ष नसले तर ती नासते, हे गॅरेट हार्डिनने १९६८ सालच्या आपल्या लेखात मांडले. गावाच्या गायरानाचे उदाहरण घेऊन त्याने निष्कर्ष काढला की प्रत्येकजण आपले एक गुरू वाढवत जाईल आणि अखेर कुरणच संपेल. त्याला पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उत्तर दिले. १९९० च्या ग्रंथात त्यांनी जगभरची कुरणे, जंगले, पाटबंधारे तपासून दाखवले की लोक आपले नियम आपण करून सामायिक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आता गंमत बघा. ऑस्ट्रॉम यांच्या यशस्वी व्यवस्थांच्या लक्षणांत देखरेख हे एक लक्षण आहे. मग नजर ठेवणाऱ्यांची बाजू खरी झाली की काय?

नाही. त्यांनी देखरेख म्हटले ती कोणती, ते पाहायला हवे. फार लांब जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे, शतकांपासूनची. लहान बंधारा, त्यातून पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी. हा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला, त्याची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची. तो नजर ठेवतो, पण कशावर? पाटावर, दारावर, पाण्यावर. आणि तो स्वतः उघड्यावर उभा असतो. त्याने कोणाला झुकते माप दिले तर साऱ्या शिवाराला दिसते. तुमच्या चुलीवर काय शिजते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ऑस्ट्रॉम यांची देखरेख ही अशी आहे. देखरेख करणारा वापरणाऱ्यांना जबाबदार असतो.

अभ्यासिकेतले ते यंत्र याच्या नेमके उलट होते. ते मुलांना पाहत होते, त्याला मात्र कोणी पाहत नव्हते. यादी कोणी उघडली, किती वेळा उघडली, कोणाला दाखवली, याची नोंद कुठेच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथमने एका तुरुंगाचा आराखडा मांडला होता. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्या कोठड्या पाहू शकतो, कैद्यांना मात्र तो दिसत नाही. त्यामुळे पहारेकरी नसला तरी कैदी तो आहे असे धरूनच वागतो. आम्ही ही गोष्ट वर्गात वर्षानुवर्षे शिकवली आणि पुढे तसाच एक मनोरा अभ्यासिकेच्या कपाटात बसवला. ज्ञान आणि शहाणपण यांच्यात एवढे अंतर असते.

पाण्याच्या वाटपातूनच आणखी एक धडा घेऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणसांवर होता. घरात डोकी किती, त्यावर वाटा. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. हा विचार जाळ्याला लावून पाहा. त्या मुलीच्या साठ जीबीमागे पाच घरांतली डोकी मोजली असती तर ती यादीत सर्वांत खाली आली असती. एकक बदलले की गुन्हेगार बदलतो. म्हणून किती मोजायचे याच्या आधी काय मोजायचे हे ठरले पाहिजे, आणि ते ज्यांना मोजले जाणार आहे त्यांच्यासमोर ठरले पाहिजे.

आता दुसरे वाक्य, पाळतीचे. इथे आपण महाडकरांनी आपल्या तळ्याकडे पाहायला हवे. तुलना करताना आधीच सांगतो, वायफायचा पासवर्ड आणि पिण्याचे पाणी आम्ही एका तराजूत घालत नाही. अस्पृश्यतेच्या यातनेशी कोणत्याही जाळ्याच्या गैरसोयीची बरोबरी होऊ शकत नाही. पण चवदार तळ्याने सामायिक जागेबद्दल एक गोष्ट शिकवली आहे, तेवढीच आम्ही घेतो.

तारखा पाहा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. तळ्यावर कोणी जाऊ शकले का? नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तोवर तीन वर्षे तो ठराव कागदावरच होता. मधे काय होते? काठावरच्या नजरा होत्या. आणि नजरांमागे काठ्या होत्या, हे त्याच दिवशी झालेल्या हल्ल्यांनी दाखवून दिले. पुढे नगरपालिकेने ठराव मागे घेतला, तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

यातून आम्ही घेतो ते एवढेच. सामायिक जागेला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, आत कोणाला येऊ देता? दुसरा, काठावर कोण उभा राहून पाहतो? पहिल्याचे उत्तर 'सर्वांना' असे असूनही दुसऱ्याचे उत्तर चुकले की हक्क मरतो. आमच्या अभ्यासिकेचे दार त्या मुलीला उघडेच होते. तिला कोणीही अडवले नाही. तरी ती येऊ शकली नाही.

आणि लक्षात घ्या, नजर सगळ्यांना सारखी लागत नाही. त्याच यादीत एका मुलाचे नाव दुसऱ्या क्रमांकावर होते. त्याला कोणी विचारले नाही की एवढे काय बघतोस. गावात मुलीच्या फोनकडे पाहण्याची नजर आणि मुलाच्या फोनकडे पाहण्याची नजर वेगळी असते, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. यंत्र तटस्थ असते असे म्हणतात. असेलही. पण यादी वाचणारे डोळे तटस्थ नसतात.

आता कायद्याकडे. बरेच जण म्हणतात, सर, नोंदी ठेवाव्याच लागतात, सरकारचा नियम आहे. कोणता नियम? २०११ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सायबर कॅफेसाठी नियम झाले. ते धंदा म्हणून लोकांना इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी आहेत. त्यांत ओळखपत्र पाहावे, वापरणाऱ्याची नोंद ठेवावी, कॅफेतल्या कप्प्यांची आडभिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी, आणि पाहिलेल्या साइटींचा इतिहास किमान एक वर्ष जपून ठेवावा, असे सांगितले आहे. या नियमांचा हेतू समजण्यासारखा आहे. कॅफेतून कोणी धमकीचा मेल पाठवला तर तपास कसा करायचा? पण चिकित्सा करायची तर हेतू आणि साधन यांची मापे जुळतात का, हे पाहावे लागते. धमकी देणाऱ्या एका माणसाला शोधायला, अमुक वेळी अमुक यंत्रावर कोण बसला होता एवढे पुरते. त्यासाठी हजार निरपराधांनी वर्षभर काय वाचले याची वही कॅफेवाल्याच्या टेबलाखाली कशाला हवी? ती वही पोलिसांच्या हाती जाण्याआधी कॅफेवाल्याच्या मित्रांच्या हाती जाईल, हे गावात राहणाऱ्या कोणालाही कळते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि साधन हेतूच्या प्रमाणात हवे. ही शेवटची कसोटी, प्रमाणाची, आपण आपल्या सोसायटीच्या सभेतही वापरू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. प्रत्येक नोंदीला विचारायचे : तू कशासाठी? त्याहून कमी नोंदीत ते काम झाले असते का?

तांत्रिक बाजूने पाहिले तरी हे जमण्यासारखे आहे. आज बहुतेक साइटींवरचा मजकूर कुलूपबंद होऊन जातो, त्यामुळे मधल्या माणसाला पानावरचा मजकूर सहसा दिसत नाही. पण कोणत्या साइटला गेलात हे नाव अनेकदा दिसते, आणि नावच पुष्कळ बोलते. दवाखान्याच्या दारात कोणाला पाहिले तर आत काय बोलणे झाले ते ऐकावे लागत नाही. तेव्हा ते नाव नोंदवू नये. राउटरला फक्त एवढे सांगावे की गर्दीच्या वेळी जितके जण आहेत तितके समान वाटे कर. कोण काय बघतो हे त्याला माहीत असण्याची गरज नाही. पाटकऱ्याने दार फिरवले, पाणी वाटले, काम संपले. कोणाच्या शेतात काय उगवले याची वही नको. आमच्या अभ्यासिकेचा सगळा त्रास या एका बदलाने मिटला असता. तो बदल त्या यंत्रात आधीपासूनच होता. आम्ही तो शोधलाच नाही, कारण आम्ही दोषी शोधत होतो.

विजेचे मीटर घ्या. त्याला तुमचे युनिट कळतात. दिवा पोरीच्या अभ्यासासाठी जळला की रात्रभर पत्ते कुटायला, हे त्याला कळत नाही. त्याचे ते न कळणे हा दोष नाही, तो त्याचा सभ्यपणा आहे. चांगले मीटर आंधळे असते. ते डोळस झाले की त्याला मीटर म्हणू नये, हेर म्हणावे.

आता एक शेवटचा आक्षेप. आमच्याच एका विद्यार्थ्याने घेतला होता, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. तो म्हणाला, 'सर, तुम्ही एवढं खासगीपणाचं बोलता, पण लोक आपली सगळी माहिती मोठ्या कंपन्यांना स्वतःहूनच देतात. मग अभ्यासिकेच्या यादीने काय बिघडलं?' बिघडले ते असे. परदेशातल्या कंपनीला तुमचे नाव ठाऊक असेल, पण तिला तुमच्या आत्याची ओळख नाही. ती तुमच्या लग्नाच्या बोलणीत बसत नाही. यादी वाचणारे पाचजण बसतात. कंपनीचा धोका मोठा आहे, तो दूर करायलाच हवा. त्यासाठी २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण लहान गावात माणसाचे आयुष्य मोडायला मोठी कंपनी लागत नाही, ओळखीचा माणूस पुरतो. म्हणून लहान जाळ्याची जबाबदारी लहान नसते.

आणि या डोंगराळ भागात तर जाळे ही चैनीची गोष्टच नाही. २२ जुलै २०२१ आपण कोणीच विसरलेलो नाही. महाड पाण्याखाली, तळिये दरडीखाली, पोलादपूरच्या बाजूलाही दरडी. वीज गेलेली, मोबाइल मुके. वरच्या वाड्यांत कोण जिवंत आहे हे खाली कळायला मार्ग नव्हता. ज्याच्या फोनला कुठेतरी एक कांडी रेंज मिळे तो आख्ख्या गावाचा फोन होई. त्या दिवसांत 'तू जास्त वापरलेस' असे कोणी कोणाला म्हणाले का? संकटात आपल्याला आपोआप कळते की एका हातातला फोन अनेकांचा असतो. मग एरवी ते का कळू नये?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. खर्च वाटायचा तर आधी सगळ्यांनी मिळून ठरवावा, आणि माणशी ठरवावा. ज्याला झेपत नाही त्याचा वाटा बाकीच्यांनी गुपचूप उचलावा. तुंबारा झाला तर तो वाट्याने सोडवावा, दंडाने नाही. नोंद ठेवायचीच तर कोण कधी जोडला गेला एवढीच ठेवावी, ठरलेल्या मुदतीनंतर पुसावी, आणि ती कोणी उघडली याचीही नोंद ठेवावी. फळ्यावर लावायचे तर एकूण बिल लावावे, माणसे लावू नयेत.

अभ्यासिकेतला फळा आम्ही पुसला. साइटींची यादी त्या तरुणाकडून आमच्या समोर काढून टाकून घेतली. वाटे समान केले, आता संध्याकाळी जाळे बरे चालते. ती मुलगी परत आली का, असे तुम्ही विचाराल. नाही आली. निरोप धाडला होता, दोनदा. तिचा धाकटा भाऊ हल्ली येतो. कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून बसतो. बसू द्यावे. त्याची पाठ भिंतीला का लागते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.